खातरजमा : व्यापारी निरोपाच्या संरक्षणाचा मागोवा

१

‘खातरजमा’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. ‘खातिर’ म्हणजे मन आणि ‘जमा’ म्हणजे एकत्र आलेले, विखुरलेले नसलेले. तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ मनाची स्वस्थता, निश्चिंती असा होतो. मराठीत मात्र आपण खातरजमा ‘करतो’ किंवा ‘करून घेतो’. मनःस्थिती दाखविणारा शब्द आपल्या भाषेत एका कृतीचे नाव होऊन बसला आहे. हा अर्थबदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण प्रस्तुत लेखात ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, त्याचे सार त्यात आले आहे. व्यवहारातील निश्चिंती आपोआप लाभत नाही. ती मिळविण्यासाठी काही करावे लागते.

सायबर सुरक्षा हा विषय संगणकशास्त्राचा आहे, हे उघडच आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडावे, याचे कारण इतकेच की, व्यापाऱ्याच्या किंवा बँकेच्या पैशावर होणाऱ्या पुष्कळशा सायबर हल्ल्यांच्या मुळाशी एक निरोप असतो. ‘अमुक रक्कम अमुक खात्यावर द्यावी’ असे कोणीतरी कळवितो. ते वाचणारा मनुष्य किंवा यंत्र त्यावर विश्वास ठेवतो आणि पैसा जातो. निरोप खरा असतो. धनी खोटा असतो. सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६ मध्ये पुण्यात देहदंड पावला, पण ‘तोतया’ हा शब्द मराठीत टिकून राहिला. आजच्या फसव्या संदेशांना ‘तोतया निरोप’ म्हणावयास काहीच हरकत नाही.

निरोपाच्या संरक्षणात दोन गोष्टी येतात व त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली गोपन, म्हणजे निरोप परक्यास कळू न देणे. दुसरी प्रामाण्य, म्हणजे निरोप ज्याच्या नावाने आला त्याचाच आहे आणि वाटेत बदललेला नाही, याची खात्री. व्यापाराच्या इतिहासात गोपनाचा बोभाटा फार झाला. परंतु मोठी नुकसानी झाली ती बहुधा प्रामाण्य ढळल्यामुळे, असे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

२

हुंडीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला पैसे देण्याचा आदेश, म्हणजे हुंडी. रोख रक्कम वाटेत लुटली जाण्याचे भय तिने टाळले. पण त्या जागी एक नवे भय उभे राहिले. कागद कोणीही लिहू शकतो. लिहिणारा शेकडो कोस दूर, पैसे देणाऱ्याने आदेश खरा कसा मानावा?

या प्रश्नास आपल्या सावकारांनी दिलेले उत्तर एकपदरी नव्हते. रक्कम नुसती आकड्यात लिहीत नसत. ती अक्षरी लिहीत, आणि शिवाय तिची निमी रक्कम सांगून ‘त्याची दुप्पट’ असेही लिहीत. एक हजाराची हुंडी असेल, तर निमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार. एखाद्याने शून्य वाढविले, तर त्यास अक्षरे बदलावी लागत आणि निमेही बदलावे लागे. जुन्या पत्रव्यवहारात मजकुराच्या अखेरीस मोर्तब उठविण्याची जी चाल होती, तिचा हेतू याच जातीचा होता. जेथे लेखनसीमा झाली, तेथून पुढे कोणास भर घालता येऊ नये.

दुसरा पदर माणसांचा होता. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे वाटेल त्या धारकास मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शाहाच्या हाती ती यावी लागे. हुंडी बनावट ठरली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. म्हणजे कागदाची परीक्षा माणसाच्या पतीने होत असे. तिसरा पदर दुसऱ्या वाटेचा. हुंडी लिहिणारी पेढी तिची सूचना स्वतंत्र पत्राने कळवीत असे. हुंडी एका हाताने येई, सूचना दुसऱ्या हाताने. दोन्ही जुळल्या की मन स्वस्थ होई. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ लिहून देत. तीही हरवल्यास ‘परपेठ’. आणि पैसे चुकते झालेल्या हुंडीचा ‘खोका’ दप्तरात जपून ठेवीत, कारण झालेल्या व्यवहाराचा पुरावा तोच.

रकमेची पुनरुक्ती, धारकाची ओळख, दुसऱ्या वाटेने सूचना, हरवल्यास प्रतिलेख आणि झालेल्या व्यवहाराची नोंद अशी ही पाच साधने होत. आधुनिक सायबर सुरक्षेच्या ग्रंथांत त्यांस निराळी नावे आहेत. त्यांमागील विचार मात्र सावकाराच्या बैठकीवर पूर्वीच झालेला होता.

३

गोपनाकडेही आपल्या व्यापाऱ्यांचे लक्ष होते. मराठी व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ कोशकारांनी नोंदलेली आहे. तीत केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार. गिऱ्हाइकासमोर दोन दलाल भावाची बोलणी करीत आणि गिऱ्हाइकास त्यांतले काही उमजत नसे. बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरविण्याची ‘करपल्लवी’ही त्याच कुळातली.

या भाषांची मर्यादा अशी की, त्या एकदा कळल्या की संपल्या. पॅरिसमध्ये भाषाशिक्षक म्हणून काम केलेल्या ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये सांकेतिक लेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडले. पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालावे. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. नंदभाषेत पद्धती आणि किल्ली एकच होती. दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. ‘पोकू’ असा शब्द कानी पडला, तर बोलणारा दलाली जाणतो एवढेच कळते. तो आपल्या धन्याचा माणूस आहे की नाही, हे कळत नाही. गुप्त भाषा प्रामाण्य देत नाही.

शिवाय गोपनाच्या किंवा त्वरेच्या भरात अर्थही हरवतो. उत्तरेकडील महाजनी लिपीत स्वरचिन्हे गाळण्याची सवय होती. ‘काका अजमेर गये’ या निरोपाचे वाचन ‘काका आज मर गये’ असे होऊन घरात रडारड झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. कथा गमतीची असली, तरी तिच्यातले तथ्य भाषाशास्त्राच्या दृष्टीने गंभीर आहे. ज्या लेखनात पुनरुक्ती उरत नाही, त्यात चूक ओळखण्याचे साधनही उरत नाही.

४

तारेच्या युगात निरोप माणसापासून सुटला. त्याचा पहिला गाजलेला गैरफायदा विजेच्या तारेच्याही आधीचा आहे. फ्रान्समध्ये मनोऱ्यांवरील हलत्या भुजांनी संदेश पोचविणारी सरकारी दृक्-तारायंत्रणा होती. बोर्दो येथील ब्लाँ बंधू सरकारी रोख्यांचा व्यापार करीत. पॅरिसचे भाव बोर्दोस टपालगाडीने पोचावयास काही दिवस लागत. १८३४ पासून या बंधूंनी तूर येथील यंत्रचालकास लाच देऊन सरकारी संदेशांत हेतुतः एक चुकीची खूण घालावयास लावली. तिच्यामागोमाग ‘मागील खूण रद्द’ ही खूणही जाई. बोर्दोच्या कचेरीत हाती येणारा संदेश शुद्धच असे. पण वाटेतल्या मनोऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या साथीदारास भाव चढला की उतरला, हे त्या चुकीवरून कळे. हा प्रकार दोन वर्षे चालला व १८३६ मध्ये उघडकीस आला. यंत्रणेच्या अशा वापरास मनाई करणारा कायदाच नसल्यामुळे त्या बंधूंस फारशी शिक्षा झाली नाही. दळणवळणाच्या यंत्रणेत शिरून केलेली ही पहिली ज्ञात चोरी, असे इतिहासकार म्हणतात. तिच्यात यंत्र बिघडले नव्हते. चुका दुरुस्त करण्याची जी सोय होती, तीच चोरांनी वापरली.

विजेच्या तारेत शब्दागणिक पैसे पडत; त्यामुळे सांकेतिक शब्दांचे कोश निघाले. क्लॉसन-थू यांचा ‘एबीसी’ कोश १८७३ चा. या काटकसरीची किंमत काय पडू शकते, हे फिलाडेल्फियाच्या प्रिमरोज या लोकरीच्या व्यापाऱ्याच्या खटल्यावरून दिसते. त्याच्या कोशात ‘बे’ या शब्दाचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’ असा होता. १८८७ मध्ये त्याने कान्सासमधील आपल्या अडत्यास केलेल्या तारेत हा शब्द वाटेत ‘बाय’ असा झाला. म्हणजे इंग्रजीत ‘खरेदी कर’. मोर्सच्या लिपीत त्या दोन स्वराक्षरांत केवळ एका टिंबाचे अंतर आहे. अडत्याने लोकर घेत सुटून धन्याचे वीस हजार डॉलरांहून अधिक नुकसान केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९४ मध्ये निकाल दिला, तो तार कंपनीच्या बाजूने. निम्मा जादा आकार भरून तार परत वाचवून घेण्याची सोय होती, ती व्यापाऱ्याने घेतली नव्हती. तेव्हा त्यास मिळावयाचे ते तारेचे मूल्य, एक डॉलर पंधरा सेंट. खातरजमेचा खर्च वाचविला, तर जोखीम वाचविणाऱ्याची, असा या निकालाचा व्यवहारी अर्थ.

पुढे १९०६ च्या बेंटली यांच्या कोशात कोणतेही दोन संकेतशब्द किमान दोन अक्षरांनी भिन्न असतील, अशी रचना झाली. एक अक्षर चुकले तर दुसरा शब्द तयार न होता निरर्थक शब्द तयार होई, आणि चूक उघडी पडे. हुंडीतील ‘निमे’ येथे निराळ्या रूपाने परत आलेले दिसतात. बँकांनी तारेने पैसे पाठविताना रक्कम, तारीख इत्यादींवरून गुप्त कोष्टकाच्या आधारे एक परीक्षांक काढण्याची पद्धती पाडली. तो आकडा जुळला, तरच तार खरी.

५

१९७३ मध्ये पंधरा देशांतील २३९ बँकांनी ब्रुसेल्स येथे ‘स्विफ्ट’ ही संस्था स्थापली आणि १९७७ पासून बँकांचे आदेश तिच्या जाळ्यातून जाऊ लागले. परीक्षांकाची आकडेमोड यंत्राकडे गेली. जाळे मजबूत होते. त्याच्या टोकाशी बसलेला संगणक तितका मजबूत असेलच असे नव्हते.

४ फेब्रुवारी २०१६ या गुरुवारच्या रात्री बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेस पस्तीस आदेश गेले; एकूण रक्कम ९५ कोटी डॉलरांच्या घरात होती. आदेश खऱ्या यंत्रातून, खऱ्या अधिकारपत्रांनिशी निघाले होते. परीक्षेत ते उत्तीर्णच होणार होते. चोर आधीच बँकेच्या संगणकांत शिरून बसले होते. ढाक्यात शुक्रवारी सुटी, पुढे न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि ज्या फिलिपाइन्समध्ये पैसा जावयाचा होता, तेथे सोमवारी चिनी नववर्षाची सुटी. झालेल्या व्यवहारांच्या प्रती छापणारे यंत्र चोरांनी बंद पाडले होते. नेहमीचाच बिघाड समजून त्याकडे प्रथम फारसे लक्ष गेले नाही. सावकाराच्या भाषेत बोलावयाचे, तर चोरांनी प्रथम खोका नाहीसा केला.

पाच आदेश पार पडले. त्यांपैकी ८ कोटी १० लक्ष डॉलर मनिला येथील खात्यांत व तेथून जुगारगृहांत गेले. दोन कोटी डॉलरांचा एक आदेश श्रीलंकेतील शालिका फाउंडेशन या संस्थेच्या नावे होता. त्यातील ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या अवयवात स्वर चुकला होता. मधल्या जर्मन बँकेने त्या चुकीवरून विचारणा केली आणि रक्कम वाचली. उरलेले तीस आदेश न्यूयॉर्कमध्ये अडले. मनिलाच्या ज्या शाखेकडे पैसा जावयाचा होता, तिच्या रस्त्याचे नाव ‘ज्युपिटर’. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार हाच शब्द इराणविषयक निर्बंधांच्या यादीत एका जहाजाच्या संदर्भात होता, आणि केवळ त्या नामसाम्यामुळे आदेश तपासणीसाठी थांबले.

भाषेच्या अभ्यासकास या घटनेचा मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. कोट्यवधींची यंत्रणा निरुपयोगी ठरली आणि एका चुकलेल्या स्वराने व एका विशेषनामाने राज्याचा खजिना राखला! परंतु हा मोह आवरला पाहिजे. भाषेने येथे जे रक्षण केले, ते योगायोगाने केले. योजना म्हणून त्यावर विसंबता येणार नाही.

६

दोनच वर्षांनी अशी घटना महाराष्ट्रात घडली. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ मध्ये स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे सुटीचा दिवस. एटीएममधून पैसे मागितले की ती विचारणा बँकेकडे जाते आणि ‘द्यावे’ किंवा ‘देऊ नये’ असे उत्तर येते. चोरांनी या प्रश्नोत्तराच्या मध्ये एक तोतया उत्तरदाता बसविला. अठ्ठावीस देशांतील एटीएमवर सुमारे बारा हजार वेळा विचारणा झाली, आणि बँकेच्या नावाने तोच ‘द्यावे’ असे सांगत गेला. परदेशांत सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात २,८४९ व्यवहारांत सुमारे अडीच कोटी रुपये अशा रीतीने काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्टच्या आदेशाने आणखी १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लक्ष. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांस दोषी ठरविले. ती बहुतांशी पैसे काढणारी माणसे होती.

येथे कोणाचाही शब्द चुकला नाही, कारण शब्दच नव्हते. यंत्र यंत्राशी बोलत होते. हा प्रसंग म्हणूनच ढाक्याच्या प्रसंगाहून अधिक बोधप्रद आहे. जेथे विचारणारा व सांगणारा या दोघांमध्ये एकच वाट असते, तेथे त्या वाटेवर बसलेला तोतया दोघांसही फसवितो. सावकार सूचनापत्र दुसऱ्या हाताने का पाठवीत, हे येथे उमगते.

नियमांचा रोखही हळूहळू याच दिशेस वळला आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांस दुसरी खूण आवश्यक केली. जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत नियम काढले. २०२५ मध्ये तिने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबरपूर्वी ‘बँक डॉट इन’ या राखीव नामकुळात नेण्यास सांगितले. बाजारात ज्याची पत आहे, त्यासच ते नाव मिळावे, हा विचार शाहजोग हुंडीचाच होय.

७

पेठेचे महत्त्वही या काळात नव्याने कळले. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक त्याने निकामी केले व मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या धक्क्याचे काम ठप्प झाले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. तिच्या जाळ्यातील कोणास कोठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे संगणक एकमेकांच्या प्रती राखीत असत. पण सर्व एकाच जाळ्यात असल्यामुळे सर्वच नष्ट झाले. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार घाना देशातील एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. हुंडीच्याच थैलीत ठेवलेली पेठ हुंडीबरोबरच हरवते, हे कोणाही गुमास्त्यास सांगावे लागले नसते.

८

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे. आजवर तोतया निरोप ओळखण्याचा उपाय म्हणून लोकांस एक सल्ला सरसकट दिला जातो. शुद्धलेखनाच्या चुका, विचित्र वाक्यरचना व परकी शैली दिसली, की सावध व्हावे. एका काळी तो उपयुक्त होता. मराठी व्यापाऱ्यास तर त्याचा दुहेरी लाभ होता. परदेशी चोरास मराठी लिहिता येत नसे, आणि आले तरी ते हास्यास्पद असे. आपली भाषाच आपला कोट होती.

तो कोट आता ढासळला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे निर्दोष मराठी पत्र क्षणात लिहून देतात. नमुने पुरविल्यास एखाद्या शेठजींची लकबही ती उचलतात. इतकेच नव्हे, तर आवाज व चेहराही. २०२४ च्या आरंभी अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी संस्थेच्या हाँगकाँग येथील कर्मचाऱ्यास गुप्त व्यवहाराविषयीचे पत्र आले, तेव्हा त्यास संशय आला होता. पण त्यानंतरच्या चित्रसंभाषणात त्याने वरिष्ठांस व सहकाऱ्यांस प्रत्यक्ष पाहिले आणि त्याचा संशय फिटला. त्याने पंधरा वेळा मिळून वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. पडद्यावरील ती माणसे कृत्रिम होती. त्याचा वाचक म्हणून झालेला संशय बरोबर होता. डोळ्यांनी तो खोटा पाडला.

तेव्हा ज्यांनी आयुष्यभर भाषेची लक्षणे तपासून लेखक ओळखण्याचा अभ्यास केला, त्यांनीच हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. निरोपाची भाषा ही त्याच्या प्रामाण्याची साक्ष म्हणून आता चालणार नाही. भाषा चुकली असेल, तर संशय घ्यावा हे खरे. पण भाषा निर्दोष आहे म्हणून विश्वास ठेवू नये. शुद्धलेखन पाहून निर्धास्त होण्याची शिकवण आज अपायकारक आहे.

मग राहते काय? राहते ते सावकाराचे शहाणपण. पुरवठादाराचे खाते बदलल्याचे पत्र आले, तर पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर विचारणा करावी. हीच सूचनेची दुसरी वाट. ठराविक रकमेपुढील आदेशास दोन माणसांची संमती असावी आणि धन्याच्या घाईनेही हा नियम मोडू नये. हिशेबाची एक प्रत जाळ्याबाहेर असावी. व्यवहारांची नोंद रोज कोणीतरी पाहावी, आणि ती दिसेनाशी झाली, तर यंत्राचा बिघाड समजण्यापूर्वी चोरीची शंका घ्यावी; सुटीच्या आदल्या दिवशी तर विशेषच. दुसरी खूण म्हणून येणारा अंक कोणी मागितला, तर देऊ नये, कारण तोतयास आता हवी असते ती हीच. आणि घात झालाच, तर लाजेपोटी दडवून न ठेवता तत्काळ बँकेस व १९३० या शासकीय क्रमांकास कळवावे. ढाक्याची जी रक्कम वाचली, ती कोणीतरी वेळीच विचारले म्हणून.

यांपैकी एकाही उपायास मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, थोडा खर्च आणि धन्यास ‘पुन्हा एकदा विचारून घेतो’ असे म्हणण्याची गुमास्त्यास असलेली मोकळीक. ज्या पेढीवर ही मोकळीक नाही, तेथे धन्याचा आवाज काढणाऱ्या तोतयाचे काम अर्धे आधीच झालेले असते. मराठीने ‘खातरजमा’ या शब्दापुढे ‘करणे’ हे क्रियापद जोडले, त्यात पिढ्यांचा व्यापारी अनुभव आहे.